शंख वाजवायचा तर वाजवा, पण मशीन माळ्यावर का टाकता?

‘घोरण्यावर रामबाण उपाय! परदेशी शास्त्रज्ञांनीही मान्य केले. रोज १५ मिनिटे शंख वाजवा आणि स्लीप अ‍ॅप्नियाचे महागडे मशीन फेकून द्या.’ हा मेसेज सध्या प्रत्येक नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली आणखी मुद्दे आहेत: घोरणं ही गाढ झोपेची खूण, दिवसा डुलक्या येतात त्या वयामुळे आणि भातामुळे, हा आजार फक्त जाड माणसांचा, मशीनची सवय लागते आणि फुफ्फुसं आळशी होतात, शिवाय मशीननं हार्ट अटॅक टळत नाही हे सिद्ध झालंय.

माझ्या मामाला स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत त्याचा श्वास पुन्हा पुन्हा अडतो. त्यानं हे मनावर घेतलं आणि त्यावरचं सीपॅप मशीन, रात्री मास्कमधून हवा देणारं, पिशवीत घालून माळ्यावर ठेवून दिलं. मामी फोनवर म्हणाली, “हे घोरतात तेव्हा मला झोप लागते गं. घोरणं थांबलं की मी जागी होते.” श्वास परत सुरू होईपर्यंत ती अंधारात त्याच्या छातीवर हात ठेवून बसते. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज न वाचता पुढे ढकलला, त्यांनी निदान हे वाचावं.

आधी शंखाचंच बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. संशोधन खरं आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी केलेलं, २०२५ साली ‘ईआरजे ओपन रिसर्च’ या युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या नियतकालिकात आलेलं. पण त्यात माणसं किती होती? ३०. त्यातल्या १६ जणांनी शंख वाजवला, १४ जणांनी नुसता दीर्घ श्वसनाचा व्यायाम केला. आठवड्यातून पाच दिवस, किमान १५ मिनिटं, सहा महिने. शंखवाल्यांची दिवसाची झोपाळूपणाची तक्रार ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि रात्री श्वास अडण्याचे प्रसंग तासाला सरासरी चार-पाचनं घटले. चांगली गोष्ट आहे. जोरानं फुंकताना घशाच्या आणि टाळूच्या स्नायूंना व्यायाम होत असावा, असं त्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. ते पटण्यासारखंही आहे. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातलं फुंकवाद्य वाजवायला लावून असाच प्रयोग झाला होता, त्यातही फायदा दिसला होता.

आता मेसेजनं काय गाळलं ते बघा. हे सगळे रुग्ण मध्यम तीव्रतेचे होते. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडला तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मामाचा आकडा ४२ आहे. त्यातून पाच वजा केले तरी ३७ उरतात, म्हणजे दीड-दोन मिनिटांतून एकदा गळा दाबल्यासारखं होऊन मेंदूनं दचकून जागं व्हायचं, रात्रभर. शिवाय शंखाची तुलना दीर्घ श्वसनाशी केली होती, मशीनशी नाहीच. मशीन फेकून द्या असं त्या डॉक्टरांनी कुठेही म्हटलेलं नाही. उलट अनेक रुग्णालयांत मिळून मोठा अभ्यास करायचा त्यांचा विचार आहे. आणि नियतकालिकात लेख छापून येणं म्हणजे ‘परदेशी शास्त्रज्ञांची मान्यता’ नव्हे. एका चांगल्या, प्रामाणिक अभ्यासाचा असा वापर करणं हा त्या डॉक्टरांवरही अन्याय आहे.

फुफ्फुसं आळशी होण्याचा मुद्दा तर धडधडीत खोटा आहे. या आजारात बिघाड फुफ्फुसात नसतोच. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसा श्वासमार्ग मिटतो. छाती-पोट हवा ओढायला धडपडत असतं, पण हवा आत जात नाही. सीपॅप व्हेंटिलेटर नाही, ऑक्सिजनचं सिलिंडरही नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबानं सोडून ते घसा उघडा ठेवतं. श्वास तुमचा तुम्हीच घेता. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा उपाय मांडला, तेव्हापासून जगभर तो वापरात आहे. मशीन सोडलं की काही दिवसांत घोरणं आणि पेंग परत येते, त्याला लोक ‘सवय लागली’ म्हणतात. अहो, आजार तिथेच होता, मशीननं तो रात्रीपुरता आवरून धरला होता.

दिवसाच्या डुलकीचं खापर भातावर फोडणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. जेवणानंतर पेंग कुणालाही येते. म्हणूनच डॉक्टर एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी देतात, २४ पैकी गुण, १० च्या वर गेले तर तपासायला हवं. त्यात दुपारी आडवं झाल्यावर झोप लागते का हे विचारतात, तसं कुणाशी बोलता बोलता आणि गाडी ट्रॅफिकमध्ये दोन मिनिटं थांबली असताना लागते का हेही विचारतात. मशीन येण्याआधी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर, रांगेत, ब्रेकवर पाय ठेवूनच मामाचा डोळा लागला होता. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा जागा झाला. हे भातानं होत नाही. सकाळी उठल्यावर जड डोकं, कोरडं तोंड, दिवसभर चिडचिड, विसराळूपणा, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, तीन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लडप्रेशर, हे सगळं याच आजाराचं असू शकतं, आणि आपण ते वयावर नाहीतर शुगरवर ढकलत बसतो.

जाडेपणाचं थोडक्यात: वजनानं धोका वाढतो हे खरंच, पण लहान जबडा, मोठे टॉन्सिल, थायरॉइड यांमुळे सडपातळ माणसांनाही होतो, आणि पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये वाढतो. बायकांची तर बहुतेकदा तपासणीच होत नाही.

हार्ट अटॅकच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, नाइलाजानं मान्य करते. २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘सेव्ह’ नावाचा मोठा अभ्यास आला. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघाताचा त्रास असलेले अडीच हजारांहून जास्त रुग्ण. सीपॅप दिलेल्यांमध्ये पुढचे झटके कमी झाले नाहीत. पण त्यांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, आणि दिवसा फार पेंगणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. त्याच अभ्यासात घोरणं आणि दिवसाची झोप कमी झाली, मन:स्थिती सुधारली. मामाला मशीन लावलंय ते स्टिअरिंगवर झोप लागू नये म्हणून.

मशीन त्रासाचं आहे हे कुणी नाकारत नाही. नाकाच्या बाजूला वळ उठतात, हवा गळते, घसा सुकतो. पण त्यावर इलाज आहेत: मास्कचा आकार बदलणं, तोंड उघडं पडत असेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क, कोमट बाष्प देणारा ह्युमिडिफायर. अगदीच जमत नसेल तर सौम्य-मध्यम आजारात डेंटिस्ट खालचा जबडा पुढे धरणारं साधन बनवून देतात. काहींना कुशीवर झोपून फरक पडतो, वजन उतरवून पुष्कळांना पडतो, निवडक रुग्णांना ऑपरेशननं. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र आजार असेल तर टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. यातलं काय कुणाला चालेल हे स्लीप स्टडीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील, फॅमिली ग्रुप नाही. दारू आणि मनानं घेतलेली झोपेची गोळी तेवढी टाळा, घसा आणखी सैल पडतो.

मामा, सकाळी शंख वाजव, मलाही आवडेल. पण मशीन आजच माळ्यावरून काढ आणि मास्क गळत असेल तर या आठवड्यातच दाखवून घे. तोवर पुण्याला यायचं तर एसटीनं ये.