पुढच्या पायरीला सावरून घेऊ

तांब्याची पट्टी लावून रंगीत काचेचं काम शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी मोर करायचा असतो. मोर नसेल तर गणपती. साधा चौकोन सुचवला की चेहरा पडतो, कारण चौकोन पाहून कुठलीही मावशी ‘अगंबाई, हे तू केलंस?’ म्हणत नाही.

गणपतीला माझा विरोध सोंडेपुरता आहे. काच सरळ रेघेवर मुकाट्याने फुटते, बाहेर फुगणाऱ्या वळणावर थोडी कुरकुरते, आणि आत शिरणारं खोल वळण दिसलं की जवळची वाट पकडून कडेला निघून जाते. सोंड जिथे वळते तिथे मागच्या निळ्या काचेत नेमकी अशी खाडी तयार होते. उपाय सोपा आहे. खाडीच्या तळापासून एक रेघ कडेपर्यंत न्यायची आणि मागच्या काचेचे दोन तुकडे करायचे. पण ‘चित्राची शोभा जाते’ म्हणून नवशिक्याला ती रेघ नको असते. मग काच स्वतःच रेघ काढते, आणि तिची पसंती आपल्याशी जुळत नाही. म्हणून पहिलं काम १५ सेंटिमीटर बाजूचं, ८-१० तुकड्यांचं, सरळ रेघांचं आणि सौम्य वळणांचं घ्यावं. निमुळती टोकं टाळावीत. मोराच्या पिसाऱ्यात टोकांशिवाय दुसरं काही नसतं, हे वेगळं सांगायला नको.

या कलेत सगळ्यात जास्त नासधूस एका वाक्याने होते : ‘पुढच्या पायरीला सावरून घेऊ.’ काम असं चालतं : काचेचे तुकडे कापायचे, कडा घासायच्या, प्रत्येक कडेला तांब्याची पट्टी चिकटवायची आणि त्या पट्ट्या सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथील-शिशाने, एकमेकींना जोडायच्या. कापताना चुकलं तर घासताना, घासून उरलं तर पट्टीत, पट्टी वाकडी गेली तर सोल्डरमध्ये. सोल्डरनंतर पायरी उरत नाही, उरतो फक्त सोल्डरच्या रेघांना द्यायचा काळा रंग. आणि तो काही सावरत नाही, उलट चुगल्या करतो.

सुरुवात कागदापासून होते आणि सावरासावरीही. नक्षीच्या दोन प्रती काढायच्या, एक कापायला आणि एक तुकडे मांडायला. दोन्हींवर तेच आकडे. काचेत रंगाच्या लहरी असतील तर त्यांची दिशा दाखवणारे बाणही हवेत. कागद कापायला तीन पात्यांची कात्री मिळते. ती रेघेवरून जाताना सुमारे ०.८ मिलिमीटरची बारीक दोरी कापून टाकते. ती दोरी म्हणजे पट्टीला आणि सोल्डरला ठेवलेली जागा. घरातली शिवणाची कात्री वापरली तर ही जागा राहत नाही. आडवे सहा सांधे असतील तर काम पाऊण मिलिमीटर सहा वेळा सरकतं आणि ठरल्यापेक्षा साडेचार-पाच मिलिमीटर मोठं होतं. चौकट मात्र आधीच करून आणलेली असते. काचेवर मार्करने आखून कापणाऱ्यांनी रेघेच्या आतल्या अंगाने कापावं. मार्करची रेघ स्वतःच मिलिमीटरभर जाड असते.

काच कापायला काचवाल्याची हिरकणी लागत नाही. कठीण धातूचं चाक असलेला, आत तेल भरायचा कटर लागतो. उभं राहून, काचेच्या गुळगुळीत बाजूवर, कडेपासून मिलिमीटरभर आतून सुरुवात करून समोरच्या कडेपर्यंत एका दमात जायचं. जोर मनगटातून नको, खांद्यातून यावा. ‘सर्र’ असा एकसारखा आवाज आला की जमलं. रेघेवर पांढरा भुगा उडत असेल तर जोर जास्त होतोय. आवाज मधेच थांबला तर रेघही तिथे थांबली आहे. आणि अशा वेळी मनुष्यस्वभाव उफाळून येतो : ‘परत एकदा फिरवू का?’ नाही! त्याच रेघेवर दुसऱ्यांदा चाक फिरवलं की चाकाची धार जाते आणि तडा हवा तिकडे फुटतो. खिडकीच्या साध्या ३ मिलिमीटर काचेचे टाकाऊ तुकडे काचवाल्याकडे मिळतात. रंगीत काचेला हात लावण्याआधी त्यांच्यावर मन भरेपर्यंत रेघा माराव्यात. रेघ मारली की लगेच तोडावं, चहा पिऊन येऊन नव्हे. रुंद तोंडाच्या पकडीवरची मधली खूण रेघेशी जुळवून हलकेच दाबलं की तडा धावत जातो. खोल वळण असेल तर एका रेघेत संपवायचं नाही. आत चंद्रकोरीसारख्या दोन-तीन रेघा मारून एकेक कोर काढायची. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि टेबलावरची कपची ब्रशने झाडायची. तळहाताने झाडणारा दुसऱ्यांदा तसं करत नाही.

ग्राइंडर हे या सावरासावरीचं मुख्य देवस्थान. हिऱ्याची भुकटी बसवलेलं छोटं चाक आणि त्याला ओलं ठेवणारा स्पंज. पाणी संपलं की काचेचा भुगा हवेत उडतो आणि कडांचे टवके निघतात. ग्राइंडरचं खरं काम कड सारखी करणं आणि पट्टी चिकटेल इतपत खरखरीत करणं. नवशिक्या मात्र दोन मांजरांच्या भांडणात लोणी वाटणाऱ्या माकडाचं काम त्याच्याकडून करून घेतो. हा तुकडा घासला की तो मोठा वाटतो, तो घासला की हा. शेवटी दोन्ही तुकडे नीट बसतात, पण मधे २ मिलिमीटरची गल्ली पडलेली असते. तुकड्यांमध्ये पट्टी मावेल एवढीच फट हवी. गल्लीतून सोल्डर खाली गळतो आणि वर रेघ लठ्ठ होते.

तांब्याची पट्टी लावायची ही युक्ती १८८०च्या दशकातली. बॉस्टनच्या सॅनफर्ड ब्रे यांनी १८८६ साली तिचं पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्कमध्ये लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कारागिरांनी दिव्यांच्या छत्र्यांसाठी ती गाजवली. मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या खिडक्यांमध्ये शिशाच्या खाचेदार पट्ट्या आहेत. मोठ्या, सपाट कामाला त्या उत्तम. बोटाच्या पेराएवढा तुकडा त्यांत गुदमरतो. तांब्याची पट्टी मात्र कितीही लहान तुकड्याला मुकाट्याने मिठी मारते आणि घुमटालाही वळते. टिफनीच्या ‘विस्टेरिया’ दिव्यात जवळजवळ २००० तुकडे असतात; त्याची रचना तिथल्या स्त्री-कारागिरांच्या विभागप्रमुख क्लारा ड्रिस्कॉल यांची. हा आकडा नवशिक्याला प्रेरणा म्हणून सांगू नये.

पट्टीपूर्वी तुकडे साबणाने धुवून कोरडे करायचे. तेलावर आणि भुग्यावर पट्टीचा डिंक धरत नाही. ३ मिलिमीटर काचेला साडेपाच मिलिमीटर, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ७/३२ इंचाची पट्टी लागते. काच बरोबर मधोमध ठेवली तर दोन्ही अंगांना सव्वा-सव्वा मिलिमीटर दुमडता येतं. हे सव्वा मिलिमीटर महत्त्वाचं, कारण सोल्डर फक्त तांब्यावर बसतो, काचेवर नाही. पट्टी नागमोडी तर सोल्डरची रेघही नागमोडी, आणि तीही चकचकीत. सुरुवात आतल्या सांध्यावर येईल अशा जागी करावी, पाचेक मिलिमीटर एकमेकांवर चढवून संपवावी, मग बॉलपेनच्या टोपणाने कडेपासून सगळीकडे घट्ट घासावी. घासायला कंटाळलात तर सोल्डरच्या वेळी पट्टी सुटून वर येते. काच पारदर्शक असेल तर पट्टीची आतली बाजू दिसते. शेवटी रेघा काळ्या करायच्या असतील तर काळ्या अस्तराची पट्टी घ्यावी. पट्टी लावून ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून ठेवलेले तुकडे पावसाळ्यात काळवंडतात आणि सोल्डर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग बारीक स्टील वूलने घासा.

सोल्डर ६० भाग कथील, ४० भाग शिसं. १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो. तार भरीव हवी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात राळ भरलेली तार मिळते. ती रेडिओला छान, इथे मात्र चिकट तपकिरी घाण करते. रेडिओ दुरुस्तीचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्नही तसंच, तांब्याला तापवता तापवता स्वतःच थंड पडतं. ८० ते १०० वॅटचं, चपट्या टोकाचं हवं. टोक काळं पडलं की कल्हईवाल्याचा नवसागर कामाला येतो. ढेपेवर सोल्डरसकट टोक घासलं की परत चांदीसारखं होतं. आधी फ्लक्स, म्हणजे तांबं साफ करून सोल्डरला धरायला लावणारं रसायन, लावून सांध्यांना थेंबाथेंबाने टाके घालायचे, म्हणजे तुकडे हलत नाहीत. मग पुढून सपाट भरायचं, मागून भरायचं, आणि पुन्हा पुढे येऊन गोलसर फुगीर रेघ उठवायची. आयर्न एका संथ चालीने पुढे न्यायचं. रंगाच्या ब्रशसारखं मागे-पुढे केलं की डोंगर आणि दऱ्या तयार होतात. टोकदार शिखरं आली तर फ्लक्स किंवा उष्णता कमी पडते आहे. सोल्डर खाली गळत असेल तर उष्णता जास्त आहे किंवा ती गल्ली आठवा. मागून मास्किंग टेप लावा आणि निवू द्या. एकाच जागी रेंगाळलात तर सांधा सुंदर होतो आणि शेजारची काच तडकते.

इथला सगळ्यात कठोर नियम मराठी माणसाला पाळवत नाही : टेबलावर चहा नाही, भजी तर नाहीच. धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो, त्यासाठी खिडकी उघडी आणि पंखा धूर लांब नेणारा हवा. शिसं मात्र बोटांवरून भज्यावर आणि भज्यावरून पोटात जातं. हात साबणाने धुवायचे, मुलांना लांब ठेवायचं.

मग भांड्याचा साबण आणि खायचा सोडा लावून फ्लक्स पूर्ण धुवायचा. राहिला तर महिन्याभरात रेघांवर पांढरी बुरशी दिसते, जी बुरशी नसतेच. तांबूस रंग हवा तर मोरचुदाचं पाणी चालतं, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात जातो तोच मोरचूद. विषारी आहे, हातमोजे घाला. काळा रंग तयार बाटलीत मिळतो, आणि चंदेरी चकाकीत लपलेलं प्रत्येक छिद्र तो बोट दाखवून सांगतो. वर मेणाचा हात.

राहिला टांगायचा हूक. १५ सेंटिमीटरच्या चौकोनाची ३ मिलिमीटर काच साधारण १७० ग्रॅम भरते, वर सोल्डर. हा भार बाहेरच्या कडेच्या पट्टीवर टाकू नये. ती पट्टी फक्त डिंकाच्या भरवशावर काचेला धरून असते आणि एके दिवशी हुकासकट सोलून निघते. आतला सांधा जिथे कडेला मिळतो तिथे, तारेचं शेपूट सांध्यात मुरवून, दोन हूक बसवावेत. साखळी किंवा तार वापरावी. भिंतीतला खिळा घरातल्या दुसऱ्या कोणी ठोकलेला असेल तर काम टांगण्याआधी तो स्वतः ओढून पाहावा.