'स्पष्टवक्ता' यांना उत्तर: बसचा पास आणि आरोग्य खातं

स्पष्टवक्ता (खरं नाव लिहिलं असतंत तर नावानं हाक मारली असती),

किंग काउंटीच्या (म्हणजे सिएटल ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या) कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सवलतीच्या बस-पासवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जवळजवळ लेखाएवढीच प्रतिक्रिया टाकलीत, आभारी आहे. तिचं सार असं: रेडमंड-बेलव्ह्यू या उपनगरांकडे बस रिकाम्या धावतात, खर्च 'आमच्या इन्कम टॅक्समधून' निघतो, बसमध्ये नशा केलेले लोक असतात, पास ही खैरात आहे, 'आरोग्य खात्यानं लसी टोचाव्यात, पास कसले वाटतंय', आणि इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही माझी 'एसटी स्टँडवरची मानसिकता' सुटलेली नाही.

शेवटचं आधी घेतो. तो मुद्दा नव्हेच, डिवचायला लिहिलेलं वाक्य आहे. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे स्टँडवरची मानसिकता मला जरा आतून माहीत आहे. पहाटे मुक्कामी गाडी निघायची. तिच्यात दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, आणि तापलेलं मूल मांडीवर घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात निघालेल्या बायका. गाडी बंद पडली की पुढची येऊन पोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद झालेली असायची. डॉक्टर हजर, औषधं हजर, पेशंट फाट्यावर. हे मी वडिलांच्या तोंडून ऐकत वाढलो. तुम्हाला लहानपणी बहुधा स्कूटरवरून दवाखान्यात नेत असतील. मतभेद जरूर असावेत, पण समोरच्याची पायरी काढून बोलायची ही काय पद्धत?

एक मान्य करतो. भर दुपारी आपल्याकडच्या काही बसमध्ये ड्रायव्हर धरून चार माणसं असतात. मीही पाहतो. झालं समाधान?

आता ते 'पास कसले वाटतंय'. ऑर्का लिफ्ट, म्हणजे हा सवलतीचा पास, सुरू झाला १ मार्च २०१५ ला. त्याच दिवशी बाकीच्यांचं तिकीट २५ सेंटांनी वाढलं. त्याआधीही ते वाढतच आलं होतं, आणि २०१२ मध्ये सिएटलच्या डाउनटाउनमधला फुकट प्रवासही बंद झाला होता. ज्यांना या वाढीचा चटका जास्त बसतो त्यांच्यासाठी काहीतरी करायचं ठरलं. अट अशी की उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत हवं. पण तपासायचं कोणी? मेट्रोचं, म्हणजे काउंटीच्या बससेवेचं, काम बस चालवायचं, पगाराच्या स्लिपा वाचायचं नाही. काउंटीच्या आरोग्य खात्याची माणसं मात्र ओबामाकेअर हा आरोग्यविम्याचा कायदा आल्यापासून लोकांचे विम्याचे अर्ज भरून घेत होती. माणसं तीच, उत्पन्नाचे कागद तेच. मग एकाच टेबलावर विमा आणि पास दोन्ही होऊ लागले. याहून स्वस्त व्यवस्था तुम्हाला सुचली तर कळवा, मी काउंटी कौन्सिलला पाठवतो.

ओळखीच्या एका बाईंबरोबर मी स्वतः त्या टेबलाशी बसलोय. त्या डेकेअरमध्ये कामाला, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या. पलीकडच्या मुलीनं स्लिपांवरून पेन फिरवत ओळ न् ओळ वाचली, ओव्हरटाइम नेहमीचा की एखाद्या आठवड्याचा ते विचारलं आणि मगच कार्ड दिलं. "आमच्या मालकिणीनंसुद्धा इतक्या बारकाईनं वाचल्या नसतील," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. दोन वर्षांनी हे सगळं परत करायचं, नाही केलं तर त्याच कार्डातून पूर्ण तिकीट कापलं जातं. आणि प्रवास फुकट नाहीच. ३ डॉलरऐवजी १ डॉलर. अशी असते होय खैरात?

डॉक्टरपर्यंत पोचणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमाही धरतो. ज्याच्याकडे साधन नाही अशा पेशंटला अपॉइंटमेंटला नेण्याची सोय करणं राज्यांना बंधनकारक आहे. आपल्या काउंटीत ते काम होपलिंक ही संस्था बघते, लागली तर दारात गाडी पाठवते. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जाणारा माणूस बसनं जाऊ शकला तर पैसे कोणाचे वाचतात? हिशेब तुम्हाला आवडतो म्हणून विचारलं.

२०२० चा मार्च आठवतो ना? कर्कलंडच्या वृद्धाश्रमात करोनानं माणसं जात होती, तेव्हा याच काउंटीनं बसचं तिकीट घेणं थांबवलं आणि मागच्या दारानं चढा म्हणून सांगितलं. ड्रायव्हर आजारी पडले असते तर हॉस्पिटलातल्या सफाईवाल्या, नर्सेस कामावर पोचल्या असत्या कशा? तुम्ही-मी पायजम्यात मीटिंगा करत होतो. बसचा आणि आरोग्याचा संबंध काय, असं तेव्हा कोणी विचारल्याचं आठवत नाही.

इन्कम टॅक्सचं म्हणाल, तर वॉशिंग्टनमध्ये तुमच्या-माझ्या पगारावर राज्य किंवा काउंटी तो घेतच नाही. पे-स्लिपवर एकदा बघा. मेट्रोचा मोठा आधार विक्रीकर आहे, दहा डॉलरच्या खरेदीमागे नऊ सेंट. डेकेअरमधल्या त्या बाईही तो भरतात. रिकाम्या बसबद्दल एवढंच: एप्रिल २०१४ मध्ये बससाठीच्या जादा कराला काउंटीच्या मतदारांनी नकार दिला, सप्टेंबरात २८ मार्ग बंद झाले. फेऱ्या कापून बस भरत नसतात, लोक कंटाळून गाडी घेतात.

आणि खैरातीची एवढी चीड असेल तर आणखी एक विचारतो. महाराष्ट्रात ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. तुमच्या घरचे कंडक्टरला "नको, पूर्ण घ्या" म्हणतात का?

नशेबाजांचा विषय वेगळा आहे, त्यात मी पडत नाही. बातम्या बघून बसबद्दल मत बनवणाऱ्यांशी काय वाद घालायचा.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, आहे तशी खाली आहे. पास घेणाऱ्यांसाठी तुम्ही वापरलेला एक शब्द तेवढा गाळलाय. माझी आई हे पान वाचते.