कुठून मोजलंस?

धातूचं चालतं मॉडेल करायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या टोळीत पहिल्या बैठकीला कमालीचं एकमत असतं. कारण त्या बैठकीत धातू नसतो.

आमचं स्टर्लिंग इंजिन पडद्यावर लगेच फिरायला लागलं होतं. आमच्या कॅडवाल्याने, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणाऱ्याने, माऊस हलवला की फ्लायव्हील गरगर फिरायचं, पिस्टन मागेपुढे व्हायचा, आणि वर त्याने पितळेला अशी झळाळी दिली होती की खरं पितळ आणून समोर ठेवलं असतं तर ते खजील झालं असतं. पडद्यावर स्क्रू आपोआप आत जातात. भोक हवं तिथेच पडतं. बोटात किस घुसत नाही. आम्ही बाकीचे चौघे मागे उभे राहून बघत होतो आणि कॅप्टन म्हणाला, "झालंच की! आता फक्त बनवायचं."

या 'फक्त'मध्ये आमचं अख्खं सेमिस्टर गेलं.

स्टर्लिंग इंजिन निवडलं तेही कॅप्टनच्या हिशेबाने. यात व्हॉल्व्ह नाहीत, ठिणगी लागत नाही, हवा आतल्या आत कोंडलेली. एक टोक तापवा, दुसरं थंड ठेवा, हवा फुगते-आकसते, पिस्टन हलतो. पार्ट कमी, म्हणजे काम कमी. रॉबर्ट स्टर्लिंगने याचं पेटंट 1816 साली घेतलं आणि हा गृहस्थ स्कॉटलंडमध्ये पाद्री होता. एका पाद्र्याने काढलेलं यंत्र चालायला गणिताबरोबर प्रार्थनाही लागणार, ही शंका त्या वेळी एकालाही आली नाही.

कामाची वाटणी झाली. सिलिंडर एकाने घेतला, पिस्टन-क्रँक कॅप्टनने, ब्रॅकेट कॅडवाल्याने, बेसप्लेट माझ्याकडे आली. पाचव्याने रिपोर्ट घेतला आणि त्याच रात्री आभाराचं पान लिहून टाकलं. प्रोजेक्टमधली वेळेत पूर्ण झालेली ती एकमेव गोष्ट.

पहिला दणका सिलिंडरवाल्याने दिला. गरम टोकाची नळी ड्रॉइंगमध्ये स्टेनलेस स्टीलची होती. पण स्टेनलेसला भोक पाडायला गेलं की बोथट ड्रिल नुसतं घासत राहतं, आणि जितकं घासावं तितकी ती जागा आणखी कडक होत जाते. तासभर ती चिरकी किंचाळी ऐकून त्याने ॲल्युमिनियम घेतलं. लोण्यासारखं कापलं गेलं. नळी दिसायलाही देखणी. फक्त ॲल्युमिनियम अशा स्टीलच्या दहापटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे दिवा लावल्यावर थोड्याच वेळात गरम टोक गरम, थंड टोकही गरम, आणि इंजिनाला आता नेमकं काय करायचं तेच कळेना. हे इंजिन तापमानातल्या फरकावर चालतं आणि आम्ही तो फरकच मिटवून टाकला होता. समता आली, गती गेली. परत स्टेनलेस, परत किंचाळी.

खुद्द स्टर्लिंगलाही धातूने छळलं होतं, एवढाच काय तो दिलासा. 1843 साली डंडीच्या फाउंड्रीत त्याचं मोठं इंजिन बसवलं, ते चाललंही, पण गरम बाजूचे सिलिंडर आगीपुढे टिकेनात आणि काही वर्षांत ते बंद करावं लागलं. ही माहिती रिपोर्टवाल्याने 'साहित्याचा आढावा' या प्रकरणात घातली. आमच्या मते ती 'सबबी' या प्रकरणात शोभली असती.

पिस्टनची गोष्ट वेगळी. सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतला व्यास, 20 मिमी, फिट एच7-जी6. म्हणजे भोक 20.000 ते 20.021 च्या मध्ये आणि पिस्टन 19.980 ते 19.993 च्या मध्ये. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो आणि पिस्टनला मुभा होती ती त्याच्याही पाव हिश्श्याहून कमी. कॅप्टनने लेथवर शेवटचा कट घेतला, जॉब लेथच्या पकडीत, चकमध्ये, असतानाच मायक्रोमीटर लावला आणि ओरडला, "19.990! एकदम बरोबर!" आम्ही टाळ्या वाजवल्या. पिस्टन थंड झाला आणि परत मोजला तर 19.97 च्या आसपास. टर्निंग करून ॲल्युमिनियम चाळीसेक अंशांनी तापलेलं असलं तर 20 मिमीला सुमारे 18 मायक्रॉन फुगतं, आणि गार झालं की निमूटपणे आपल्या जागी परत जातं. कॅप्टन म्हणाला, "मायक्रोमीटर खराब आहे." त्यानंतर वर्कशॉपमधला प्रत्येक मायक्रोमीटर खराब निघाला.

चांगल्या पिस्टनची परीक्षा सोपी असते. सिलिंडर उभा धरायचा, पिस्टन वरून सोडायचा. तो आपल्या वजनाने सावकाश खाली सरकला पाहिजे, आणि खालच्या तोंडावर अंगठा दाबला की जागच्या जागी थांबला पाहिजे. आमचा पहिला पिस्टन थांबायच्या भानगडीत पडला नाही, थेट अंगठ्यावर आपटला. दुसरा सुरुच झाला नाही, म्हणून कॅप्टनने त्याला पॉलिश पेपरने 'जरासं' घासलं. या 'जरासं'ला मायक्रोमीटरवर खूण नसते. तोही अंगठ्यावर. मग तिसरा, चौथा. वर्कशॉपचे मामा आमच्या टेबलावर रांगेत मांडलेले पिस्टन बघून म्हणाले, "बुद्धिबळ कधी सुरू करताय?"

खरा तमाशा जुळणीच्या दिवशी झाला. बेसप्लेटवर ब्रॅकेट ठेवलं, ब्रॅकेटला सिलिंडर टेकवला, एम4चे बोल्ट हातात घेतले. पहिला बोल्ट गेला. दुसरा गेला. तिसरा अर्ध्यावर अडला. चौथ्याला तर भोकच दिसेना, तिथे नुसती चंद्रकोर दिसत होती. भोकं 4.5ची, बोल्ट 4चा, म्हणजे अर्धा मिलिमीटर सूट होती, तरीही जमेना. मग जे व्हायचं तेच सुरू झालं. प्रत्येकाने आपला पार्ट उचलला, व्हर्निअर लावला, आणि आपलं माप बरोबर असल्याचं सगळ्यांना ओरडून दाखवलं. गंमत म्हणजे सगळ्यांचं बरोबरच होतं.

आरडाओरडा ऐकून मामा आले. त्यांनी एकही पार्ट हातात घेतला नाही. कॅडवाल्याला विचारलं, "कुठून मोजलंस?"

"उजव्या कडेपासून, मामा."

"आणि तू?"

मी डावीकडून मोजलं होतं. ड्रॉइंगमध्ये डावी कडच दिलेली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

"आणि सिलिंडर?"

"मध्यापासून."

"मध्य कुठे आहे ते कशावरून काढलंस?"

सिलिंडरवाल्याने छताकडे बघितलं.

मामांनी प्लेट मोजली. हॅकसॉने कापून कानस मारलेली ती प्लेट 150 ऐवजी 150.6 भरली. (कापून मला दुसऱ्याने दिली होती, हेही नोंदवावं.) डावीकडून मोजणाऱ्याला त्या 0.6 चा पत्ता नाही, उजवीकडून मोजणाऱ्याच्या मापात तो पूर्ण घुसलेला, आणि मध्यवाल्याकडे निम्मा. प्रत्येक जण स्वतःच्या कडेपासून अचूक होता. मामा म्हणाले, "एक कड धरायची, तिला शून्य म्हणायचं, आणि सगळ्यांनी तिथूनच मोजायचं. शून्य एकाच्या घरी आणि भोक दुसऱ्याच्या घरी, असं नाही चालत." पुस्तकात याला डेटम म्हणतात आणि परीक्षेत आम्ही त्यावर चांगले मार्क घेतले होते.

आता नव्याने प्लेट करायला वेळ नव्हता. गोल कानस आणून आम्ही भोकं लांबोळकी केली. रिपोर्टवाल्याने लगेच लिहिलं: 'बारीक समायोजनासाठी खाचांची सोय केली आहे.' या माणसाचं पुढे खूप चांगलं होणार, असं मला त्या क्षणी वाटलं.

याच धामधुमीत एम3चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मोडला. टॅप मोडताना मोठा आवाज होत नाही, नुसता 'टिक' होतो, आणि हँडल अचानक हलकं फिरायला लागतं. तेवढ्यावरूनच वर्कशॉपमधली सगळी डोकी वळतात. तुटलेला टॅप ड्रिलने काढावा म्हटलं तर तोही ड्रिलइतकाच कडक. शेवटी बाजूला दुसरं भोक पाडलं आणि टॅपच्या समाधीवर गाइड सरांच्या नावाची पितळी पट्टी चिकटवली. सर ती पट्टी बघून भारावले. त्यांनी दोनदा हात फिरवला, आणि दोन्ही वेळा आमच्या छातीत धस्स झालं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी इंजिन सजलेलं होतं. फ्लायव्हीलवर कॅडवाल्याने लाल बाणाचा स्टिकर लावला होता, फिरण्याची दिशा दाखवणारा. दिवा पेटवला, नळी तापली, बाहेरून आलेले परीक्षक पुढे वाकले. कॅप्टनने बाणाच्या दिशेने झटका दिला. चाक दोन फेऱ्या मारून थांबलं. पुन्हा झटका, पुन्हा दोन फेऱ्या. तिसऱ्या वेळी कॅप्टनच्या कपाळावर जो घाम आला तो नळीपेक्षा गरम असावा.

मागून मामांचा आवाज आला, "उलटं फिरव की रे."

उलटा झटका बसला आणि इंजिन सुटलंच. खडखडत, डावीकडे किंचित लंगडत, पण फिरलं. झालं इतकंच होतं की आतली हवा गरम-थंड टोकांमध्ये ढकलणारा डिस्प्लेसर पिस्टनच्या 90 अंश पुढे हवा, तो क्रँक बसवताना 90 अंश मागे बसला होता. यंत्राला त्याचं काही नव्हतं, त्याने फक्त दिशा बदलून घेतली.

परीक्षकांनी बराच वेळ बघितलं. मग पेन बाणाकडे रोखून विचारलं, "हा कसला?"

कॅप्टन क्षणभरही अडखळला नाही. "सर, हवेच्या प्रवाहाची दिशा."

"बंद इंजिनात?"

"आतल्या आत, सर."

परीक्षकांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. रिपोर्टवाला तोपर्यंत पेन उघडून त्या बाणाला आकृती क्रमांक देत होता.