शव्वालचे (रमजाननंतरच्या महिन्याचे) सहा रोजे फर्ज (सक्तीचे) नाहीत
तुमच्या लेखात ईदनंतरचे सहा रोजे ‘ठेवावेच लागतात’ असं लिहिलंय, ते प्लीज दुरुस्त करा. रमजानचे फर्ज, हे नफिल म्हणजे ऐच्छिक, ठेवले तर सवाब (पुण्य) आणि नाही ठेवले तर गुनाह नाही. सहीह मुस्लिम या ग्रंथात या रोज्यांची हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, एका नेकीचं (चांगल्या कामाचं) फळ दहापट धरलं की रमजानच्या 30 चे 300 न् या 6 चे 60, झालं वर्षभराचं. ईदचा दिवस सोडून शव्वाल महिन्यात कधीही ठेवा. मोठे धर्मशास्त्री इमाम मालिक यांना तर हीच भीती होती की लोक हे रमजानलाच जोडतील. आम्ही कोकणातले शाफई पंथाचे, आमच्यात नफिल रोजा मध्येच सोडला तरी कजा (नंतर भरून काढणं) नाही, हनफी पंथात मात्र करावी लागते. माझ्या आईला शुगर आहे, रमजानचेच कसेबसे होतात, असलं काही वाचलं की ती उगाच रडत बसते हो.