टार्गेट म्हणालात ना, मग ऐका

मागची पोस्ट आठवत असेल, कोविडमध्ये शाळा अर्ध्यामुर्ध्या उघडल्या होत्या त्या दिवसांत आम्ही दहावीच्या मुलांना शाळेत जाऊन टीडी लशीचे डोस दिले त्याची. तिच्यावर 'एक त्रस्त पालक' अशा नावाने कमेंट आलीय, रात्री पावणेदोनला टाकलेली. मी पदरचं काही घातलं असं व्हायला नको म्हणून जशीच्या तशी देते:

"सिस्टर, लोक ऑक्सिजनवाचून मरत होते आणि तुम्ही शाळेत पोरं गोळा करून टीटी टोचत होता. टीटी जाऊन २०१९ पासून टीडी आली हेही माहीत नाही वाटतं. माझा मुलगा तेव्हा दहावीत होता म्हणून बोलतोय. धनुर्वाताचा डोस वर्षभर उशिरा दिला असता तर कुठलं आभाळ कोसळणार होतं? आईबापांची परवानगी घेतली होती का? तेवढी माणसं कोविडच्या कामाला का नाही लावली? खरं सांगा ना, टार्गेट पूर्ण करायचं होतं, बाकी काही नाही. उत्तर द्याल अशी अपेक्षा नाही."

अपेक्षा नाही म्हणायचं आणि पाठोपाठ प्रश्न विचारायचे, ही कुठली रीत हो? आणि ते 'माहीत नाही वाटतं'. तीसहून जास्त वर्षं उपकेंद्रावर नोकरी केली मी, रात्री दारू पिऊन दारात शिव्या देणारे पण बघितलेत, पण त्यांना निदान नाव होतं, सकाळी त्यांच्या आईला जाऊन सांगता यायचं. तुम्हाला काय म्हणून हाक मारू, त्रस्तराव?

बरं, टीटीचं बरोबर आहे. चूक माझी, पोस्टमध्ये दुरुस्त केलीय. बाटलीवर टीडीच असतं, पण गावात अजून दिवस गेलेली बाई 'टीटी घ्यायला आले' असंच म्हणते आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. फक्त फरक नुसता अक्षराचा नाहीये, टीटीत एकटा धनुर्वात होता, टीडीत धनुर्वात आणि घटसर्प दोन्ही, म्हणजे माझी चूक काढता काढता तुम्ही स्वतः खाली 'धनुर्वाताचा डोस' लिहून बसलात. असो. मी काही वाटतं-बिटतं म्हणणार नाही.

ऑक्सिजनचंही एका ओळीत संपवते. आमचं सेशन डिसेंबर २०२० मधलं. शासनाने २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावी उघडायला सांगितलं, आमच्याकडे जरा उशिराने उघडली. ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरले ते एप्रिल २०२१ मध्ये, तेव्हा शाळेला कुलूप होतं आणि मी पण शाळेत नव्हते, कोविड सेंटरला होते. राग समजतो, पण कॅलेंडर तरी बघायचं.

आता टार्गेट.

हा शब्द तुम्ही सहज टाकलात, पण मी त्या रात्री परत झोपले नाही. टार्गेट काय असतं ते तुम्ही मला सांगू नका. मी नोकरीला लागले १९८८ ला, तेव्हा कुटुंबनियोजनाच्या केसेसचं टार्गेट असायचं, अमुक महिन्यात अमुक केसेस. मार्च जवळ आला की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे, पगार अडवायची भाषा व्हायची, आणि आम्ही पोरी उन्हातान्हात दारोदार फिरून दोन लेकरांच्या आयांच्या पाया पडायचो, अक्षरशः पाया. एकदा एका घरातल्या आजीने मला उंबऱ्याबाहेर काढून दाराला कडी घातली होती, आणि तिचं काही चुकलं होतं असं मला आज वाटत नाही. १९९६ ला केंद्राने ती टार्गेटं काढून टाकली त्या दिवशी आमच्या सेंटरच्या आम्ही तिघींनी भजी तळून खाल्ली होती. तेव्हा टार्गेटसाठी केलेलं काम आणि पोटातून केलेलं काम यातला फरक मला कळतो.

आणि गंमत बघा, २०२० मध्ये टीडीबद्दल वरून विचारलं कुणीच नाही. एकानेही नाही. रोज वरिष्ठांबरोबर व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग असायची, त्यात स्वॅब किती, कॉन्टॅक्ट किती, होम क्वारंटाइन किती. सप्टेंबरला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तर घरोघरी ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेऊन फिरत होतो, त्याचे आकडे संध्याकाळपर्यंत. बाळांच्या डोसचं अधूनमधून विचारायचे, कारण एप्रिलमध्ये गावातली सत्रं बंद पडली होती आणि पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीची बाळं मागे राहिली होती. डब्ल्यूएचओने मार्च २०२० मध्येच म्हटलं होतं, मोठ्या मोहिमा थांबवा पण नेहमीचं लसीकरण जमेल तिथे चालू ठेवा. तरी त्या एका वर्षात जगात २ कोटी ३० लाख बाळांचे डोस हुकले. हे आकडे बाळांचे आहेत बरं का. सोळा वर्षांच्या पोराचा डोस हुकला तर त्याचा आकडा कुठल्या पेपरात छापून येतो? मी दहावीच्या मुलांच्या डोसच्या रजिस्टरला हात लावला नसता तरी मला कुणी ओ की ठो म्हटलं नसतं. याला टार्गेट म्हणतात होय?

मग का केलं, तर माझा मधला भाऊ. १९७९ साल, चौदा वर्षांचा होता, भांगलताना पायाला खुरपं लागलं. एवढुसा घाव, आईने हळद भरली, वर शेण थापलं कुणीतरी. आठव्या दिवशी म्हणाला, तोंड उघडेना. मग अंग धनुष्यासारखं मागे वाकायचं, आणि जरा आवाज झाला की झटका. माणूस शुद्धीवर असतो त्यात, डोळे उघडे, सगळं कळतंय. तालुक्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत एक रात्र घरी काढली, त्या रात्री आमच्या वडलांनी गोठ्यात जाऊन बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून पोत्यात गुंडाळून ठेवल्या, आणि आम्हा भावंडांना शेजारी पाठवलं, रडण्याचा आवाज नको म्हणून. तो दवाखान्यात पाच दिवस होता. घुंगरमाळा परत कधी बांधल्या नाहीत, बैल विकले तेव्हा त्या तशाच पोत्यात गेल्या. हे मी सांगणार नव्हते. तुम्ही 'बाकी काही नाही' लिहिलंत म्हणून सांगावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, वर्षभर उशीर चालला असता की नाही ते सांगा. चालला असता. टीडी उशिरा दिली तरी लागू पडते, आमच्या ट्रेनिंगमध्ये पण तेच शिकवतात, राहिलेला डोस जेव्हा भेटेल तेव्हा द्या. पण 'भेटेल तेव्हा' मधला भेटेल कोण? बाळाला आई काखेत मारून आणते, बाळ नाही आलं तर आशाताई घरी जाते. सोळा वर्षांच्या पोराला कोण आणणार? ते स्वतःहून तर येत नाहीच, मिसरूड फुटलेला पोरगा सुईला घाबरतो हे तो मेला तरी कबूल करणार नाही. तो सापडतो एकाच ठिकाणी, दहावीच्या वर्गात, बाकावर. दहावी झाली की कुणी आयटीआयला, कुणी पुण्याला हॉटेलात, कुणी टेम्पोवर. आमचा सांगोला-मंगळवेढ्याचा पट्टा, दिवाळीपासून अर्धी घरं ऊसतोडीला बाहेर. वर्ष चुकलं की ती अख्खी बॅच गेली, पुढच्या वर्षी त्याच बाकावर दुसरी मुलं बसलेली असतात.

त्या दिवशीचंच सांगते. सकाळी सहाला आइस पॅक बाहेर काढले, ते थोडे वितळू द्यावे लागतात, कानाशी धरून हलवायचे आणि आत पाणी खुळखुळलं की मगच लस न्यायच्या कॅरियरमध्ये लावायचे, कारण टीडी गोठली तर फेकून द्यायची, काही उपयोग नाही. हेडसरांनी व्हरांड्यात फक्कीने गोल आखले होते, कबड्डीच्या ग्राउंडला मारतात ती फक्की. मुलं एक दिवसाआड यायची म्हणून दोन दिवस लावले. एकेक पोरगं आत, मास्क नाकावर, बाही वर, टोचलं की अर्धा तास समोरच्या गोलात बसायचं. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "सिस्टर, ही कोरोनाची हाय का?" एका पोराला वाटलं आम्ही ट्रायल घेतोय, तो मुतारीमागे जाऊन लपला, त्याच्याच वर्गातल्या मुलीने दंड धरून आणला आणि आधी स्वतः घेऊन दाखवली.

आणि हजेरीत एका मुलीच्या नावापुढे सरांनी लाल पेनने बारीक लिहिलं होतं, 'विवाह'. लॉकडाऊनमध्ये, पंधरा माणसांत उरकलं. मे महिन्यात. तिला मी टीडी देऊ शकले नाही, आणि बाकीचं जे तिला पाहिजे होतं ते पण कुणी देऊ शकलं नाही. ती सोळाची पण नव्हती. हे तुमचं वर्षभर थांबणं.

बरं, घटसर्प गेला आता असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, २०१६ ला केरळात मलप्पुरमला किशोरवयीन मुलंच दगावलीत त्याने. लहानपणीच्या डोसची ताकद ओसरत जाते म्हणून तर दहा आणि सोळाला परत द्यायचा. आणि डोस मागे राहिले की काय होतं ते बघायला केरळात पण जायला नको, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराने लेकरं गेली. तो गोवर, हे टीडी, मला फरक कळतो, तेवढ्यासाठी परत कमेंट टाकू नका.

परवानगीचं म्हणाल तर, शाळेत यायचं संमतीपत्र प्रत्येक पालकाने लिहून दिलेलं होतं, शिवाय सरांनी आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाकला होता. ज्यांनी नको म्हटलं त्यांना दिलं नाही, दोघं होते. सगळ्यांकडे मोबाइल होता का, तर नव्हता, पण आता किती फाटे फोडायचे. माणसांचं तर बोलूच नका, तेवढी माणसं म्हणजे मी, एक आशाताई आणि तो लपलेला पोरगा शोधणारा शिपाई. आम्हा तिघांमुळे कोविड वाढला असेल तर फाशी द्या.

हो, कोविडची भीती मलाही होती. घरी सासूबाई ब्याऐंशीच्या, मी मागच्या दाराने आत जाऊन मोरीत कपडे भिजवूनच पुढे यायची. सेशननंतर चौदा दिवस रोज हेडसरांना फोन करत होते, कुणाला ताप आलाय का म्हणून. कुणाला आला नाही. आला असता तर आज ही पोस्ट मी अशी लिहिली असती का, ते मला माहीत नाही. पण ते तुम्ही विचारलंच नाहीत, तुम्ही टार्गेट विचारलंत.

आणि एक. मुलगा तेव्हा दहावीत होता असं लिहिलंय तुम्ही, पण त्याचा डोस झाला की नाही ते अख्ख्या कमेंटमध्ये कुठेच नाही. त्याचं कार्ड काढा, फ्रिजवर नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत असेल. सोळाचा रकाना रिकामा असला तर जवळच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी घेऊन जा, फुकट आहे, चांगला दाढीवाला झाला असेल तो, तरी सिस्टरला विचारून घ्या, त्या सांगतील. फक्त टीडी म्हणा. टीटी म्हणालात तर त्या माझ्यासारख्याच हसतील.