राज्यव्यवहारकोशाने मराठीतली फारसी संपवली नाही

फेब्रुवारी सरत आला की एक मजकूर ठरल्यासारखा फिरू लागतो. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, हा मराठीतला पहिला शब्दकोश. त्यात फारसी शब्दांना चौदाशे मराठी शब्द दिले. तेव्हापासून फारसी मराठीतून हद्दपार झाली. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द तिथलेच. उरलेसुरले परके शब्द आता आपण काढू. आणि प्रत्येक तरुणाने हा कोश वाचलाच पाहिजे. शेवटी ‘जरूर शेअर करा’. ‘जरूर’ अरबीतून आलेला, ‘हद्दपार’मधली ‘हद्द’ही. पण ते असो.

कोश झाला हे खरं. राज्याभिषेकानंतर महाराजांनी ते काम रघुनाथपंडितांकडे सोपवलं. पण कोश मराठी नाही. तो अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या वळणाचा, संस्कृत श्लोकांत रचलेला आहे. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग. कचेरीत रुळलेला दख्खनी-यावनी (म्हणजे फारसी-अरबी वळणाचा) शब्द घ्यायचा आणि त्याला संस्कृत प्रतिशब्द द्यायचा, ही रीत. शब्द चौदाशेच्या आसपास आहेत, तेवढं बरोबर. फक्त ते ‘मराठी शब्द’ नव्हेत. लोक नावं ठेवणार हे कर्त्यालाही ठाऊक होतं. अडाण्यांच्या टिंगलीने काय बिघडतं, उंटाला कुठे गोड केळं रुचतं, असा टोला त्याने आधीच हाणून ठेवला आहे.

आता मुख्य दावा, हद्दपारीचा. अष्टप्रधानांची नावं बदलली, यात शंका नाही. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. दरबारी पातळीवर हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता आणि त्याचं मोल कमी करायचं कारण नाही. पण पुढे काय झालं ते पाहा. बाजीरावाच्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ आहे, आणि तरी अख्ख्या हिंदुस्थानाने त्याला फारसी ‘पेशवा’च म्हटलं. सेनापतीला आपण आजही ‘सरसेनापती’ म्हणतो, म्हणजे संस्कृत शब्दाच्या डोक्यावर फारसी ‘सर’ बसवतो! शिवशाही, जिरेटोप, किल्ला, शाहीर हे शब्द वगळून महाराजांवर एक भाषण करून दाखवा.

शंका असेल तर रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरचा ग्रंथ उघडावा. पंतांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिलेला, स्वतःचा ‘अमात्य’ हा किताब संस्कृत, ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. त्यातल्या गडांच्या प्रकरणात कोण भेटतात? हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस. समुद्राकडे वळलं की ‘आरमार’, आणि तो तर पोर्तुगीजांकडून आलेला. कोश होऊन जवळजवळ चाळीस वर्षं उलटल्यावर ही स्थिती.

इथे कोणी इतिहासकार वि. का. राजवाड्यांचा दाखला देईल. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून फारसीचं प्रमाण घटल्याचं दाखवलं होतं. घट झालीही असेल, पण ती एका पुस्तकाच्या खात्यावर कशी टाकणार? राज्यच मराठी झालं, लिहिणारे आणि वाचणारे मराठी झाले, की पत्राची भाषा वळणारच. त्यासाठी कारकुनाने श्लोक पाठ करायची गरज नव्हती. आणि निवडक पत्रांवरून बाजारातल्या, शेतातल्या बोलीबद्दल काहीच ठरत नाही.

‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे विसाव्या शतकातल्या सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या मोहिमेतले. अडीचशे वर्षांची गल्लत.

राहिला परके शब्द काढण्याचा बेत. ते परके उरलेत कुठे? फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे मोडतोड, पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो. ‘खोर’ तिकडचा, पण भांडखोर आणि चिडखोर माणसं अस्सल इथली. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार’ घ्या: धड मराठी, शेपूट फारसी. हा शब्द कुठून कापणार? तहसीलदार, वकील, फिर्याद काढून तालुक्याची कचेरी एक दिवस चालवून बघावी.

माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, हे या बाबतीत मोठं मजेशीर प्रकरण. त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ चा. पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर कैवारी झाले, आणि मराठीत गझल रुजवणाऱ्यांतही त्यांचंच नाव आधी घेतलं जातं.

मजकुरातलं शेवटचं कलम मात्र मला मान्य आहे. राज्यव्यवहारकोश जरूर वाचावा. संस्कृत प्रतिशब्दांतले बरेचसे कागदावरच राहिले. पण ज्या शब्दांना पर्याय हवा होता ते सगळे तिथे वर्गवार नोंदलेले आहेत: मुदपाकखान्यापासून तोफखान्यापर्यंत सतराव्या शतकातला मराठी कारभार कोणत्या शब्दांत चालायचा, याची इतकी नेटकी यादी दुसरीकडे क्वचितच सापडेल.