लेख कसा झाला, तेही विचारा

पावसाळा सरत आला आणि दिवाळी अंकांच्या कामाला वेग आला, की तिकडे महाराष्ट्रात दरवर्षी एक चर्चा रंगते. दीर्घ लेख आता कोण वाचतं? मोबाइलनं वाचकाची सवय मोडली का? अंक वाचकांसाठी निघतात की जाहिरातदारांसाठी? यंदा अशाच एका परिसंवादाचं रेकॉर्डिंग मी इथे न्यू जर्सीत बसून शेवटपर्यंत ऐकलं. व्यासपीठावर संपादक होते, नावाजलेले लेखक होते, आणि वाचनसंस्कृतीची काळजी सगळ्यांनाच मनापासून होती. पण एवढ्या वेळात एकाही लेखाची जन्मकथा कुणी सांगितली नाही. कोण कुठे गेलं, किती दिवस राहिलं, खर्च कुणी केला, पहिला खर्डा कसा होता, संपादकानं त्यातलं काय काढायला लावलं, छापण्याआधी माहिती कुणी पडताळली, यातलं काहीच निघालं नाही.

मराठीतल्या दीर्घलेखनाचं दुखणं मला इथे दिसतं. वाचकाच्या नावानं बोटं मोडताना लेखनाच्या कामाबद्दल बोलायचं राहूनच जातं.

हे मला जाणवलं ते इथल्या एका पॉडकास्टमुळे. ‘लाँगफॉर्म’, म्हणजे दीर्घलेखन, हे त्याचं नाव. एरन लॅमर, मॅक्स लिन्स्की आणि एव्हन रॅटलिफ या तिघांनी ते २०१२ मध्ये सुरू केलं आणि जून २०२४ मध्ये थांबवलं. मधल्या काळात त्यांनी पत्रकार, निबंधकार आणि संपादकांच्या पाचशेहून अधिक मुलाखती घेतल्या. ता-नेहिसी कोट्स यांच्यासारखे लेखक तिथे पुन्हा पुन्हा येऊन गेले. न्यूयॉर्कला कामाला जाता-येता ट्रेनमध्ये मी हे ऐकायचे. सुरुवातीला मला वाटलं होतं, मोठमोठ्या लेखकांचे विचार ऐकायला मिळतील. मिळालं ते वेगळंच. ही गोष्ट तुमच्या हाती लागली कुठे? संपादकाला पाठवलेल्या पहिल्या ईमेलमध्ये काय लिहिलं होतं? त्या माणसानं भेटायला नकार दिला, मग काय केलंत? पैसे किती मिळाले, आणि ते हातात येईपर्यंत घरभाडं कुठून भरलंत? ठरवून लिहून घेतलेला लेख छापला गेला नाही, तर ठरलेल्या रकमेचा काही हिस्सा लेखकाला द्यायची इकडे पद्धत आहे, तिला ‘किल फी’ म्हणतात. त्या किल फीबद्दलही लोक तिथे मोकळेपणानं बोलायचे. फसलेल्या लेखांबद्दल बोलायचे. संपादकानं शेवटचा परिच्छेद उचलून पहिला कसा केला, ते सांगायचे.

हार्वर्ड विद्यापीठातल्या नीमन फाउंडेशनच्या ‘नीमन स्टोरीबोर्ड’ या संकेतस्थळावर तर छापून आलेला लेख समोर ठेवून त्यातल्या वाक्यावाक्यावर लेखकाला प्रश्न विचारलेले असतात. हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तेव्हा त्या खोलीत होतात का? खोलीत नव्हतात, तर तिथल्या दिव्याचा रंग कुणी सांगितला? पत्रकारितेच्या कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नसतं एवढं मला या प्रश्नोत्तरांनी शिकवलं.

पडताळणीचं काम कसं चालतं, हे मात्र मी समोर बसून पाहिलं आहे. आमच्या वसाहतीत एक मराठी ताई राहतात. त्या इथल्या रुग्णालयात परिचारिका आहेत. कोविडच्या दिवसांबद्दल त्या एका मासिकाच्या वार्ताहराशी बोलल्या होत्या. लेख लिहून झाल्यावर मासिकाच्या कचेरीतून त्यांना दुसऱ्याच एका मुलीचा फोन आला. ती फॅक्ट-चेकर, म्हणजे लेखातली माहिती पडताळणारी. मी तेव्हा ताईंच्या स्वयंपाकघरात चहा घेत होते. रात्रपाळीहून आल्यावर तुम्ही गॅरेजमध्येच कपडे बदलायचात, हे बरोबर आहे? वॉशिंग मशीन गॅरेजमध्ये आहे की आत? तेव्हा तुमच्या सासूबाई तुमच्याकडे राहायला होत्या, हे खरं? इथे ताई थांबल्या. “सासूबाई नाही, मावशी. माझ्या आईची बहीण.” पलीकडच्या मुलीनं ते लिहून घेतलं, मावशींच्या नावाचं स्पेलिंग विचारलं, आणि म्हणाली, “मी त्यांच्याशी बोलू शकते का? लेखात त्यांच्याबद्दल दोन वाक्यं आहेत.” दोन वाक्यांसाठी मावशींना पुण्याला फोन गेला.

आता तिकडची, महाराष्ट्रातली बाजू. माझा एक मित्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांबद्दल लिहितो. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला की पंचनामा कसा होतो, भरपाईचे कागद कुठे अडकतात, मोहफुलं वेचायला बायका पहाटे जंगलात का जातात, हे त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं फार थोड्यांना असेल. जून महिन्यात त्याला दिवाळी अंकाकडून फोन येतो. “यंदा काहीतरी द्याच. अडीच-तीन हजार शब्द. विषय तुमच्या आवडीचा. ऑगस्टअखेर पाठवा.” तो स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलवर गावं फिरतो. लेख पाठवल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर येतं, “मिळाला. छान झालाय.” झालं. त्यानंतर थेट अंकच हातात पडतो. मानधन कधी येतं, कधी राहून जातं. एकदा तर लेखातल्या एका मुख्य गावाचं नावच चुकीचं छापलं गेलं आणि त्या गावच्या सरपंचानं जाब विचारला तो मित्राला.

यात संपादक आळशी आहे, असं मी म्हणणार नाही. तोच माणूस जाहिराती गोळा करतो, मुद्रितं तपासतो, मुखपृष्ठासाठी चित्रकाराच्या मागे लागतो आणि शेवटी गठ्ठे विक्रेत्यांपर्यंत पोचतात की नाही तेही बघतो. लेखकाला तीन प्रश्न विचारायला त्याला फुरसत कधी मिळणार? म्हणूनच प्रश्न पैशाचा आणि कामाच्या वाटणीचा आहे, आणि तो उघडपणे मांडल्याशिवाय सुटायचा नाही.

आपल्याकडे संपादनाची परंपरा नव्हती, असं तर कुणी म्हणूच नये. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’साठी लेखकांना लिहिलेली पत्रं, त्यांच्याकडून करून घेतलेली पुनर्लेखनं मराठी साहित्याच्या इतिहासाचा भाग आहेत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. पण ती सगळी मेहनत मुख्यतः कथा-कवितेवर झाली. प्रत्यक्ष जाऊन, पाहून लिहिण्याला बळ दिलं ते श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’सारख्या नियतकालिकांनी. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांबद्दल, हमालांबद्दल, देवदासींबद्दल अनिल अवचटांनी जे लिहिलं, ते कुठल्याही भाषेनं अभिमानानं मिरवावं असं आहे. पण त्यामागचा हिशेब आपण कधी मांडला का? डॉक्टर झालेला हा माणूस व्यवसाय न करता फिरू-लिहू शकला, कारण घर चालवायला डॉ. सुनंदा अवचट यांची नोकरी होती. अवचटांनी ते स्वतः कृतज्ञतेनं सांगितलं आहे. मराठीतली कितीतरी शोधपत्रकारिता अशी बायकोच्या किंवा नवऱ्याच्या पगारावर, नाहीतर बँकेतल्या, कॉलेजातल्या नोकरीच्या रजेवर उभी राहिली. लेखकांच्या मुलाखतींत आपण प्रेरणा विचारतो, आवडते लेखक विचारतो, नवोदितांना संदेश विचारतो. त्या महिन्याचा किराणा कुणाच्या पैशातून आला, हा प्रश्न मात्र अशिष्ट ठरतो. तो अशिष्ट मानल्यामुळेच ज्याच्या घरी दुसरा पगार नाही अशी किती मुलं-मुली या वाटेला फिरकत नाहीत, ते आपल्याला कळतही नाही.

इकडे सगळं आलबेल आहे, असं मात्र कुणी समजू नये. ‘कॅलिफोर्निया संडे मॅगझिन’ २०२० मध्ये बंद झालं. पनामाजवळचं डेरियनचं जंगल पायी ओलांडणाऱ्या स्थलांतरितांवरच्या त्याच मासिकातल्या लेखाला २०२१ मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा मासिक उरलंच नव्हतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं आपलं रविवारचं मासिक डिसेंबर २०२२ मध्ये थांबवलं. ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं २०२३ मध्ये उरलेसुरले पगारी लेखकही कमी केले. इथल्या लेखकांना दिवाळी अंकांबद्दल सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून एक समाज सणाच्या खरेदीत कपडे, फराळ, कंदील यांच्या बरोबरीनं वाचायचे जाडजूड अंक घेतो, हे अमेरिकेत कुठेच नाही. तेव्हा ‘मराठी माणूस लांब वाचत नाही’ हे विधान मला पटत नाही. एवढी मोठी सोय हाताशी असताना तिच्यात काय भरायचं याची चर्चा आपण करत नाही, याचं वाईट वाटतं.

पडताळणीची यंत्रणा असली की चुका होत नाहीत, असंही नाही. ‘रोलिंग स्टोन’नं नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका बलात्काराच्या आरोपावर मोठा लेख छापला. त्या मासिकात तपासनीस होते, वकील होते, ज्येष्ठ संपादक होते. तरीही आरोप करणाऱ्या मुलीच्या तीन मित्रांशी वार्ताहर बोललीच नव्हती. त्यांची म्हणून छापलेली वाक्यं त्या मुलीनं सांगितली तशीच घेतली होती. लेखाचा पाया डळमळला. पुढे मासिकानं जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाला त्यांनी चौकशी करायला सांगितलं, टिपणं आणि कागदपत्रं दाखवली, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो प्रदीर्घ अहवाल स्वतःच छापून मूळ लेख मागे घेतला. कुणी कुठे कोणता प्रश्न विचारायचा राहिला, ते त्यात टप्प्याटप्प्यानं लिहिलेलं आहे. तो अहवाल पत्रकारितेच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्यानं वाचावा. अपयशाचा असा जाहीर हिशेब आपल्याकडच्या एखाद्या नियतकालिकानं दिला, तर वाचकाचा विश्वास वाढेल, घटणार नाही.

स्वानुभवपर निबंधाचं दुखणं थोडं निराळं आहे. अमेरिकेत इंटरनेटवर अशा निबंधांची लाट आली होती. तरुण मुलींनी, बहुतेक वेळा नाममात्र मोबदल्यात, आपल्या आयुष्यातली सगळ्यात दुखरी जागा उघडी करायची आणि वाचकसंख्या साइटनं मोजायची. स्वतः असे निबंध संपादित केलेल्या जिया टोलेंटिनो यांनी मे २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलं की ही लाट ओसरली. आपल्याकडे उलट आहे. आपला ललितलेख फार मवाळ. आई कष्टाळू, आजी प्रेमळ, गाव सुंदर, आणि परदेशातून आम्ही लिहिलं तर पहिला बर्फ. आईला कधी राग येत होता का, तिनं कुणावर अन्याय केला का, घरच्या शेतावर राबणाऱ्या माणसांना काय मजुरी मिळायची, हे विचारणारा संपादकच लेखाच्या वाटेत भेटत नाही.

खरं तर आपल्याच भाषेत याचे उत्तम नमुने आहेत. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, भक्तीनं भारावल्या, आणि त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवायला बसतात हेही त्यांनी दुखऱ्या मनानं लिहिलं. दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ मध्ये आलं, तेव्हा ‘मी’ लिहिताना सगळी वस्ती, सगळी व्यवस्था कशी लिहिली जाते, ते मराठीला कळलं. हे समोर असताना निबंध नुसता हळवा असून भागत नाही.

मराठीचं जग लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, अशा वेळी मानधन आणि काटछाट यांबद्दल उघड कोण बोलणार, असं मला एका ज्येष्ठ संपादकांनी फोनवर विचारलं. त्यांची अडचण खरी आहे. पण सुरुवात छापून आलेल्या, गाजलेल्या लेखांपासून करता येईल. लेखकानं आणि संपादकानं शेजारी बसून पहिला खर्डा आणि छापील प्रत समोर ठेवायची आणि बोलायचं. याला कुणाची बदनामी करावी लागत नाही.

पैशाचं म्हणाल, तर त्याबाबत आम्ही इकडचे काही करू शकतो. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं नाटकांचे दौरे आणतात, गायकांना बोलावतात, अधिवेशनं भरवतात. त्यातल्या एका कार्यक्रमाच्या खर्चात तिकडच्या एका वार्ताहराचा तीन-चार महिन्यांचा प्रवास आणि घरखर्च सहज भागेल. आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. विषय लेखक आणि संपादकानं ठरवायचा, मंडळानं नाही. लेख छापण्याआधी आम्हाला दाखवायचा नाही. पडताळणी करणाऱ्या तिसऱ्या माणसाचा मेहनताना पहिल्यापासून वेगळा काढायचा, आणि लेख छापला गेला नाही तरी लेखकाचे पैसे द्यायचे. अट एकच: लेखासोबत तो कसा झाला याची दोन पानं छापायची, खर्चाच्या हिशेबासकट.